धारच्या तळ्याभोवती बोडक्या डोक्याने

धारला जायचं ठरलं ते भांडण मिटवायला. भांडण माझं आणि हिचं, विषय एकच: माझं पळणं.

मी देवासला दप्तरात कारकून आहे. चाळिशी जवळ आली, पदरी दोन मुलं आहेत, डोक्यावर पगडी आहे, आणि रोज उजाडताच मी दीड-दोन कोस पळून येतो. कशासाठी? कशासाठीच नाही. कुणाला सोंगट्या आवडतात, कुणाला बुलबुल पाळायला आवडतं, मला पळायला आवडतं. पण सोंगट्या खेळणाऱ्याला कोणी थांबवून "घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारत नाही. मोठा माणूस पळताना दिसला की लोकांना आग, चोर नाहीतर मयत याशिवाय काही सुचतच नाही. म्हणून मी हातात तांब्या घेऊन पळतो. तांब्या दिसला की लोक समजुतीने बाजूला होतात. आमच्या गावात संस्थानं दोन, रस्त्याच्या या अंगाला एक आणि त्या अंगाला दुसरं. दोन्हीकडच्या शिपायांची आता खात्री झाली आहे की माझं पोट कायमचं बिघडलेलं आहे.

परवाच्या आश्विनात मात्र घोटाळा झाला. माताजीची टेकडी पळत चढलो आणि वर पोचता पोचता डोळ्यांपुढे अंधारी आली. छाती अशी धडधडली की पायरीवरच बसकण मारली. ही नेमकी तेव्हाच दर्शनाला आलेली. तिने मला पांढराफटक पाहिला आणि त्या दिवसापासून घरात एकच घोषा: पळणं बंद. मी म्हटलं, जमायचं नाही. आठ दिवस अबोला. शेवटी तडजोड अशी झाली, की धारला तिच्या माहेरच्यांच्या ओळखीचे वैद्यबुवा आहेत, त्यांना नाडी दाखवायची, तोवर पळायचं नाही आणि ते सांगतील ते शेवटचं. नको म्हणाले तर जन्मात पळायचं नाही, असं मी देवापुढे हात जोडून बोलून बसलो. बोललो आणि लगेच पस्तावलो.

कार्तिकात निघालो. मुलांना शेजारी ठेवलं. जाणाऱ्यांनी हेच दिवस धरावेत; चिखल वाळलेला असतो आणि धूळ अजून डोळ्यांत जात नाही. देवास ते इंदूर टांगा. भाडं आदल्या दिवशीच ठरवा आणि घोडा बघून ठरवा, टांगेवाल्याचा चेहरा बघून नव्हे. क्षिप्रेच्या काठी घोडा पाणी प्यायला, आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. टांगेवाला रमजान बटेर, म्हणजे लावे पक्षी, पाळणारा निघाला. एक बटेर त्याच्या सदऱ्याच्या आतच होता.

"इसको घर छोड़ूँ तो खाना नहीं खाता, भिया," तो म्हणाला. "और सच्ची बोलूँ तो मैं भी नहीं खाता."

ही हसली. माझ्याकडे बघून लगेच गप्प झाली.

इंदुराहून महूपर्यंत आगगाडी. डब्यात गर्दी नव्हती आणि खिडकी मिळाली. रात्री महूच्या धर्मशाळेत मुक्काम केला. अंथरूण आपलं न्या, तिथली घोंगडी नुसती लांबूनच बघण्यासारखी आहेत. सकाळी धारच्या डाकेच्या टांग्याची वाट बघत उभे होतो, तेवढ्यात छावणीतून वीस-पंचवीस गोरे सोजिर गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या घालून, ओळीने, धापा टाकत पळत गेले. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही.

"यांच्या मागे काय लागलंय?" हिने विचारलं.

डाकेच्या टांग्यावरचा माणूस म्हणाला, "अरे बाईसाब, इनका तो रोज का है. पेट भरा रहता है ना."

मला त्यांचा इतका हेवा वाटला म्हणून सांगू! भर रस्त्यात पळत होते आणि एकाच्याही हातात तांब्या नव्हता.

महू ते धार रस्ता पक्का आहे, पण टांग्याचे हिसके बसतात. मधल्या टप्प्यांवर घोडे बदलतात तेवढ्यात पाय मोकळे करून घ्यावेत. एका टप्प्यावर एक म्हातारी पानिये भाजत होती. मक्याचं पीठ रुईच्या पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात, वर तूप आणि सोबत उडदाची डाळ. मी तीन खाल्ले. हिने "छाती दुखतेय ना?" असं तीनदा विचारलं. छाती दुखत नव्हती, पण भीती वाटत होती. मरणाची थोडी, पळणं सुटण्याची जास्त. हे तिला सांगायची सोय नव्हती.

दुपारी उतरत्या उन्हात धारचा किल्ला दिसला. तांबूस दगडाचा, गावापेक्षा उंच. गावात जिकडेतिकडे तळी. हिची मावसबहीण गोदूताई तिथे राहते, तिच्याकडे उतरलो आणि संध्याकाळीच वैद्यबुवांना गाठलं. त्यांचं घर तळ्याला लागून आहे. नाव लिहीत नाही. तशी त्यांचीच ताकीद आहे, आणि ती का, ते आता सांगतो.

वैद्यबुवांनी नाडी धरली आणि डोळे मिटले. आळीतली सगळी मंडळी ओट्याशी उभी राहून देवासचा रोगी बघत होती. मग म्हणाले, "उद्या सकाळी या. एकटे या. यांना काळजी वाटते, आणि त्यांच्या काळजीने तुमची नाडी उडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ही गोदूताईबरोबर तळ्यापलीकडच्या टेकडीवर कालिकामातेची ओटी भरायला गेली आणि मी वैद्यबुवांकडे. त्यांनी पुन्हा नाडी बघितली आणि एकदम म्हणाले, "अरे भई, तक्रार पळण्याची आहे आणि मी बसलेल्या माणसाची नाडी बघतोय. याला काय अर्थ? उठा. तळ्याला वळसा घालून या. मी इथेच बसतो."

मला दुसऱ्यांदा सांगायला लागलं नाही. पगडी उतरवली, अंगरखा खुंटीला टांगला, जोडे काढले आणि सुटलो. आश्विनापासून पळालो नव्हतो. सकाळची थंडी, तळ्यावर बगळे, पायाखाली मऊ माती. कदाचित हे शेवटचंच, असं मनात आलं आणि मी आणखी जोरात पळालो. वाटेत एका कुंभाराने हाक मारली, "कंई हुयो, भिया?" श्वास मोडायला नको म्हणून मी नुसता हात हलवला. पुढे दोन बायांनी घागरी खाली ठेवल्या. मी म्हटलं, धारचे लोक भलतेच अगत्याचे.

आपण काय करतोय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वैद्याच्या घरातून एक माणूस भल्या सकाळी बोडक्या डोक्याने, अनवाणी पळत निघतो. याचा अर्थ धारमध्येच काय, सबंध माळव्यात एकच. देवासचा रोगी गेला आणि कोणीतरी नातलगांना कळवायला धावलं. पळणारा तोच रोगी आहे, हे कुणाच्या डोक्यात येणार? माझ्या मरणाची बातमी मीच तळ्याभोवती पोचवून आलो.

परतलो तेव्हा ओट्याशी दोन माणसं बांबू घेऊन उभी होती, एकाने गोवऱ्या आणल्या होत्या, आणि दोन म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. वैद्यबुवा लाल झाले होते.

"माझ्या दारात कोणीही मेलेलं नाही!" ते ओरडत होते. "ते बांबू परत न्या! हा बघा, हा आला रोगी! बसा हो तुम्ही, हात द्या इकडे."

एवढ्या गलक्यात त्यांनी नाडी धरली आणि ओठ मिटून मोजत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. इतक्यात कुणीतरी म्हणालं, "अरे, वो देखो."

तळ्याच्या बांधावरून एक बाई पळत येत होती. लुगड्याचे सोगे कमरेला खोचलेले, पदर हातात गोळा केलेला. मी इतक्या वर्षांत हिला भरभर चालतानासुद्धा पाहिलं नव्हतं. गोदूताई मागे टेकडीच्या पायथ्याशी ठिपक्याएवढी दिसत होती. देवळात कुणीतरी जाऊन सांगितलं होतं, "देवासवालो पावणो चल्यो गयो," आणि ओटीचं तबक तिथेच टाकून ही धावली होती.

ओट्यापुढे येऊन तिने मला बघितलं. बोलायला गेली, बोलता येईना. तशीच जमिनीवर बसली. मग दम लागलेल्या आवाजात तिचे पहिले शब्द आले, "डोक्यावर पगडी ठेवायला काय झालं होतं तुम्हाला?"

सगळी आळी हसली. ही हसता हसता रडायला लागली आणि माझेही डोळे भरून आले. वैद्यबुवांनी माझं मनगट सोडलं.

"टेकडी कधी चढलात? तिथीने सांगा."

मी आठवून सांगितलं, "द्वादशीला. पारणं व्हायच्या आधी."

"म्हणजे एकादशीचा निर्जळी उपास करून?"

"हो."

"मग अंधारी येणार नाही तर काय होणार? छाती ठणठणीत आहे. एवढं पळून आलात आणि नाडी बघता बघता जागेवर बसली. पळा, हवं तितकं पळा. द्वादशीला तेवढं आधी जेवा. आणि माझ्या घरातून पुन्हा पळत निघू नका."

छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या ओट्यावर कळलं. वैद्यबुवांच्या घरच्यांनी दोघांना गूळ-पाणी दिलं. बांबूवाल्यांनी "चलो, अच्छा हुआ" म्हणत बांबू खांद्यावर घेतले. दुपारी गोदूताईकडे दाल-बाफले झाले आणि मी पाच बाफले खाल्ले. कुणीही छातीचं विचारलं नाही.

परतीचा प्रवास तोच, पण निम्मा वाटला. देवासला पोचल्यावर माझं पळणं पूर्ववत सुरू झालं. आता ही स्वतःच तांब्या भरून दाराशी ठेवते, आणि घरात त्या विषयावर भांडण नाही. धार पुन्हा बघेन का, ठाऊक नाही. किल्ला आतून बघायचा राहिला, लाटेपर्यंत, म्हणजे तिथल्या जुन्या लोखंडी खांबापर्यंत, जायचं राहिलं. जाणाऱ्यांनी चार दिवस हाताशी ठेवावेत.

पण आल्यानंतर आठवडाभराने एक गोष्ट झाली, तीच खरी माझ्यापाशी राहिली आहे. ती लिहू का म्हणून हिला विचारलं; नाव घालायचं नाही, या अटीवर हो म्हणाली. सकाळी मी निघत होतो. ही चुलीपाशी बसली होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "थांबता का जरा? एक सांगायचं आहे. त्या दिवसापासून मनाला टोचतंय."

मी थांबलो.

"देवळापासून मी रडतच पळत होते. मग बांधावर आले तर पाय एकदम हलके झाले. वारा लागत होता तोंडावर. आणि मला बरं वाटलं हो. तुम्ही गेलात असं धरून चालले होते मी, आणि तरी क्षणभर मला फार बरं वाटलं. असं कसं झालं माझं?"

मी तांब्या खाली ठेवला आणि तिच्याजवळ बसलो.

"अगं," मी म्हटलं, "तेवढ्यासाठीच तर मी रोज जातो."

त्या सकाळी मी पळायला गेलो नाही.