चौथ्या दिवशीचा आवाज

“बत्तिसाव्या वर्षी कुठं कॅन्सर होते?” असं म्हणत मी मूर्खासारखा वर्षभर मूळव्याधीचं चूर्ण खात राहिलो. रक्त पडतच होतं. शेवटी नागपुरात आतड्याचा वीतभर तुकडा कापून उरलेलं आतडं जोडलं. डॉक्टर रोज एकच विचारत, “गॅस सुटला का?” सुटला म्हणजे आतडं जागं झालं.

बाबा पांढुर्ण्याचे रिटायर मास्तर. जेवताना तसला आवाज आला की आम्हाला ताटावरून उठवत. आता तेच खाटेशी बसून विचारत, “पोट काही बोलून राहिलं का?”

चौथ्या दिवशी सकाळी ते बोललं, चांगलं मोठ्यानं. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, “चुकलं, बाबा.”

बाबा उठले. त्यांनी चपला काढल्या आणि माझ्या पोटापुढं हात जोडले.