तात्यांनी बंद केलेली झडप

मी भवानीनगर सोडलं त्या सकाळी तात्यांनी दुकान उघडं ठेवलं होतं. एकुलता एक मुलगा अमेरिकेला निघालाय म्हणून एक दिवस दुकान बंद ठेवावं, हे आमच्या वडिलांच्या डोक्यातही आलं नसावं. साखर कारखान्याच्या कॉलनीच्या तोंडाशी पत्र्याचं खोपटं, आत एक टेबल, त्यावर जुन्या चादरींची जाड घडी आणि हातात निखाऱ्यांनी भरलेली पितळी इस्त्री. आई बारामतीच्या एसटीपर्यंत आली, पदरानं डोळे पुसत राहिली. तात्यांनी दारातूनच हात वर केला, "पोचलास की फोन कर" म्हणाले आणि आत वळले. इस्त्री तापलेली होती ना.

मला तेव्हा राग आला होता. निखारे फुकट जातील म्हणून बाप पोराला बसपर्यंत सोडायला येत नाही, ही गोष्ट मी पुढं कितीतरी वर्षं इकडच्या मित्रांना रंगवून सांगितली. हशा पिकायचा. तुमच्यातले जे तिकडं राहिलात त्यांना यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांच्याकडंही अशी एखादी गोष्ट असेलच, जी सांगताना आपण बापाला जरा जास्तच येडा ठरवतो.

आता मी डॅलसजवळ राहतो. घरामागं बॅकयार्ड आहे आणि बॅकयार्डात एक स्मोकर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा लोखंडी पिंपासारखा प्रकार असतो. एका बाजूला कोळशाची पेटी, दुसऱ्या बाजूला जाळीवर मांस, आणि आठ-दहा तास मंद धुरावर ते शिजवत बसायचं. हवा आत घ्यायला खाली एक झडप, धूर बाहेर जायला वर एक. सगळी मेख त्या झडपांत. इथल्या पुरुषांना या कामाचा भारी अभिमान असतो, आणि मीही त्यांच्यात सामील झालो होतो. कोळशाच्या धुरात वाढलेला माणूस हौसेनं पुन्हा कोळशाचा धूर खायला लागला, यातली गंमत माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

आई गेल्यावर मी तात्यांना इकडं आणलं. सहा महिन्यांसाठी म्हणून नाही, कायमचं. कागद करायला घेतले होते. भवानीनगरच्या घराची किल्ली कन्हेरीला माझ्या थोरल्या बहिणीकडं, ताईकडं दिली आणि तिलाही सांगितलं, तात्या आता माझ्याकडंच राहतील. ताईनं त्यांच्या पिशवीत कानटोपी घालून दिली. टेक्सासच्या उन्हाळ्यात.

पहिले काही आठवडे तात्या सोफ्याच्या टोकाशी बसून असायचे, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. भांडी मशीन धुणार, कपडे मशीन वाळवणार, आणि कपड्यांना इस्त्री इथं कुणी करतच नाही. आयुष्यभर हात चालवलेल्या माणसाला आम्ही नुसतं बसवून ठेवलं होतं आणि त्याला आराम म्हणत होतो. मग एका रविवारी जेवणं आटोपल्यावर मी स्मोकरमधल्या निखाऱ्यांवर बागेचा पाइप धरला आणि तात्या अनवाणी पळत बाहेर आले.

"पाणी नगं. झाकून टाक. हवा न्हाय मिळाली की आपसूक निजतोय कोळसा."

त्यांनी माझ्याकडून दोन्ही झडपा बंद करून घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तर निम्म्याहून जास्त कोळसा शाबूत, काळा, कोरडा. तात्यांनी तो एकेक खडा हातात घेऊन बघितला. राख झटकली, बारीक चुरा चाळून वेगळा काढला, कारण चुरा खाली बसला की हवेची वाट अडते. चाळायला मीनलची, म्हणजे माझ्या बायकोची, पिठाची चाळण घेतली होती. ती थोडी कुरकुरली आणि मग त्यांना नवीन चाळण आणून दिली. एकदा जळलेला कोळसा लवकर पेट घेतो पण त्याला दम नसतो, तेव्हा खाली नवा आणि वर जुना, हे त्यांनी मला शिकवलं. दुकानात ते रोज हेच करायचे. संध्याकाळी उरलेले निखारे झाकणाच्या डब्यात कोंडायचे, सकाळी त्याच कोळशावर इस्त्री तापवायची. मी त्या दुकानात लहानाचा मोठा झालो आणि हे कधी नीट बघितलंच नव्हतं. इस्त्रीवाल्याचं पोर म्हणवून घ्यायची इतकी लाज होती की दुकानाकडं पाठ करून अभ्यास केला.

त्यानंतर झडपा बंद करणं हे तात्यांचं काम झालं. आमचं जेवण झालं की ते उठायचे, बाहेर जाऊन दोन्ही झडपा लावायचे आणि तृप्त चेहऱ्यानं आत यायचे. ते आठवडे चांगले गेले. तात्या फोनवर ताईला सांगायचे की हितं बी कोळशाचं काम हाय, बरं हाय.

मग तो शनिवार आला. माझे नवे साहेब पहिल्यांदाच घरी येणार होते, शिवाय आमच्या मराठी मंडळातली दोन कुटुंबं. मी पहाटे उठून मेंढ्याचे दोन मोठे खांदे स्मोकरमध्ये ठेवले. दुपारी दोनला जेवण. नऊ वाजता सगळं नीट चाललंय हे बघून मी बर्फ आणि सामान आणायला गेलो. तात्यांना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे असं वाटलं.

तात्या बाहेर आले तेव्हा स्मोकरपाशी कुणी नव्हतं. मांस वरून गडद तपकिरी दिसत होतं. आत निखारे मोकळे जळत होते आणि त्यांच्यावर कशाचंच काम चाललेलं दिसत नव्हतं. आमच्या जेवणाला मंद आचेवर आठ तास लागतात हे त्यांना कुणी समजावलंच नव्हतं. पोरगं झडपा लावायचं विसरलं, असं समजून त्यांनी त्या लावल्या. खालची आणि वरची, दोन्ही, घट्ट.

मी रस्त्यात अडकलो आणि साडेअकराला परतलो. स्मोकर गार पडला होता. पुन्हा पेटवला, पंख्यानं हवा घातली, पण गेलेले तास काही परत येत नाहीत. पाहुणे आले तेव्हा मांस चामड्यासारखं होतं. शेवटी पिझ्झा मागवला. साहेब हसून म्हणाले, असं होतं कधीकधी. त्यांच्या हसण्यानं माझं डोकं आणखीच फिरलं. आणि मी स्वयंपाकघरात, त्या दोन मराठी कुटुंबांच्या देखत, तात्यांना बोललो. ते शब्द मला जसेच्या तसे लिहायलाच हवेत.

"हे तुमचं इस्त्रीचं दुकान नाही, तात्या. माझ्या घरात मला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही."

तात्या म्हणाले, "चुकलं." एवढंच. मग खोलीत गेले आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते विचारायला लागले. पाणी घेऊ का. पंखा लावू का. मागचं दार उघडू का. सुरुवातीला मला ते बरंच वाटलं, चला, रीत कळली म्हणून. मीनलच्या आधी लक्षात आलं. तात्या फ्रिजसमोर उभे राहून कुणीतरी स्वयंपाकघरात यायची वाट बघतात, असं तिनं मला सांगितलं तेव्हा मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. मी माफी मागितली नाही. शनिवार-रविवारी मागू, निवांत मागू, असं करत राहिलो. स्मोकरकडं ते परत फिरकले नाहीत. तीन आठवड्यांनी त्यांनी विचारलं, "गावाकडं जाऊ का?" तोही प्रश्न बाकीच्या प्रश्नांसारखाच, हळू आवाजात. मी "कागदांचं काय?" म्हणालो, थोडा चिडलो, आणि तिकीट काढून दिलं.

गेल्या जानेवारीत मी भवानीनगरला गेलो. कारखान्याचा हंगाम होता, मळीचा वास घरापर्यंत येत होता. तात्यांनी दुकान पुन्हा उघडलं होतं. कॉलनीत घरोघरी विजेच्या इस्त्र्या आहेत, तरी दोन-चार जुनी गिऱ्हाइकं कपडे टाकतात, त्यांना सोबत म्हणून असेल किंवा सवय म्हणून. तात्या वाळले होते. हात मात्र तसाच, जड आणि सरळ.

मी त्यांना न्यायला आलो होतो. विमानात सगळं वाक्य जुळवून ठेवलं होतं, माफीसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. ते कपड्यांना पाणी मारत होते. कोपऱ्यात कोळशाचा डबा होता, शेजारी रिकामी इस्त्री. मला काहीतरी करायचं होतं, हात लावायचा होता, पण काय कुठं ठेवलंय ते कळेना, आणि आपण करू नये ते करून बसू अशी धास्ती वाटली. मी म्हणालो, "तात्या, कोळसा मी पेटवू का?"

त्यांनी हातातला शर्ट खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"इचारतोस काय? पाव्हणा हायस व्हय?"

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. तो नव्हता. त्यांनी काडेपेटी माझ्या हातात दिली आणि पुन्हा शर्टावर पाणी मारायला लागले. विमानात जुळवलेलं वाक्य मी बोललोच नाही. चला म्हणायचा हक्क मला राहिलाय असं वाटलं नाही. आठ दिवस राहिलो, रोज सकाळी इस्त्री पेटवून दिली आणि एकटाच परत आलो.

घर म्हणजे काय, असं मला कुणी आता विचारलं तर मी तात्यांचं ते वाक्य सांगतो. माझ्या बॅकयार्डात, माझ्या स्वयंपाकघरात, फ्रिजसमोर उभ्या राहिलेल्या तात्यांना कुणीतरी हेच म्हणायला हवं होतं. तिथं ते म्हणू शकणारा मी एकटाच होतो.