बाटली हलवून घ्यावी

जगातल्या यच्चयावत पातळ मिश्रणांचे तीनच प्रकार असतात, यावर आमच्या शेजारच्या प्रयोगशाळावाल्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी एखाद्या पुजाऱ्याची देवावरही नसेल. स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. पिंपरीत औषधांचा कारखाना नवा होता आणि आमच्या वसाहतीमागे अजून ज्वारी डोलत असे. हे गृहस्थ कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला, मूळचे कोकणातले, एकटेच राहायचे. खिडकीत तीन पेले कायम मांडलेले: एकात मिठाचं पाणी, दुसऱ्यात दोन थेंब दूध टाकलेलं पाणी, तिसऱ्यात पवना नदीकाठची माती कालवलेली. यांचं दर्शन घेतल्याखेरीज पाहुण्याला चहा नसे. भर दुपारी दारं-खिडक्या लावून ते पेल्यांतून बॅटरीचा झोत सोडत. मीठ पुरतं विरघळलेलं, म्हणून त्यातून झोताची वाट दिसत नसे; ते खरं द्रावण. दुधाच्या पाण्यात ती लख्ख उमटे, कारण कण डोळ्यांना दिसले नाहीत तरी तरंगत असतात, खाली बसत नाहीत, ते कलिल. माती मात्र ढवळणं थांबलं की तळ गाठायची. ते निलंबन, आणि त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आमच्याकडच्या सत्यनारायणाला त्यांनी तीर्थावरही बॅटरी मारली आणि 'उत्तम कलिल आहे' असा निर्वाळा दिला. भटजींना ती स्तुती वाटली. काळेवाडीचा गवळी मात्र वैतागून म्हणाला होता, "सायेब, दुधाचं काय ते म्हशीला इचारा, बत्तीला न्हाई."

मीही त्यांना हसायचो. मग एका पावसाळ्यात आमच्या चार वर्षांच्या मुलीला जुलाब लागले. चिंचवडच्या डॉक्टरांनी पांढरं औषध दिलं, बाटलीला मात्रांची कागदी पट्टी चिकटवलेली. दोन दिवस झाले तरी उतार पडेना. पोरीचे डोळे खोल गेले, तिला रडायचंही त्राण उरलं नाही. चौकशीला आलेल्या प्रयोगशाळावाल्यांनी सवयीने बाटली उजेडात धरली. वरती नितळ पाणी, तळाशी पांढरा थर. औषध कसं देता, असं त्यांनी विचारलं. आमच्या हिने मोठ्या काळजीने सांगितलं, की गाळ पोटात जाऊ नये म्हणून धक्का न लावता वरचंवरचं ओतते. पावसाळ्यात पवनेचं गढूळ पाणी घरोघरी तसंच निवळून घेत.

"वहिनी, तो गाळ नव्हे," ते हळूच म्हणाले, "तेच औषध."

हिच्या डोळ्यांना धार लागली. उरलेल्यात औषध फार दाट झालंय, ते देऊ नका, असं बजावून ते भर पावसात सायकलवरून चिंचवडला गेले आणि नवी बाटली घेऊन आले. पुढचे तीन दिवस दर मात्रेला येऊन त्यांनी स्वतः बाटली हलवली. चौथ्या दिवशी पोरीने भात मागितला.

तेव्हापासून त्यांनी हलवल्याशिवाय ती कुठलंही औषध घेईना. पुढे खोकल्याचं औषध आलं, ते मात्र अगदी नितळ, खरं द्रावण. ते हलवणं म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध अडाणीपणा. तरी ते आले आणि गंभीर चेहऱ्याने बराच वेळ बाटली हलवत राहिले. मी हसलो तेव्हा म्हणाले, "औषधाला गरज नाही हो. तिला आहे."

निवृत्त होऊन ते कोकणात गेले, जाताना तिला बॅटरी देऊन गेले. पुढे त्यांच्या पुतण्याचं कार्ड आलं, ते गेल्याचं. आता तिची मुलं आजारी पडतात. औषध पाण्यासारखं नितळ असलं तरी ती बाटली बराच वेळ हलवते.