काचेवरचा अंगठा

पाळणाघरातल्या मावशींना कंप्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. बावीस वर्षं लोकांची पोरं सांभाळली, एकालाही बटण दाबून झोपवता आलं नाही, असं त्या ठसक्यात सांगायच्या.

त्या आठवड्यात लहान मुलांचे टॅबलेटवरचे खेळ बनवणारे तिघं आले होते, दोन तरुण आणि एक चष्मेवाली मुलगी. खेळ सोपा होता. गाजर बोटानं ओढत सशाच्या तोंडापर्यंत न्यायचं. पोरं खेळायची आणि तिघं मागे बसून लिहून घ्यायचे. मावशींना ताकीद होती की मध्ये बोलायचं नाही, प्रत्येक मुलानंतर काच तेवढी पुसायची. मावशींनी गप्प बसायचं म्हणजे शिक्षाच, पण बसल्या बिचाऱ्या.

मग ठमीची पाळी आली. ठमी तीन वर्षांची, पण अजून बोलत नव्हती. पोरीला काही समजतं की नाही, या काळजीनं तिची आई झुरून अर्धी झाली होती. बाकीच्या पोरांनी टॅबलेट टेबलावर ठेवला होता. ठमीनं मात्र तो उचलून छातीशी धरला आणि गाजर ओढायला लागली. गाजर काही हलेना. पुन्हा ओढलं, तरी नाही. शेवटी तिनं टॅबलेट ठेवून दिला आणि त्याच्याकडे सरळ पाठ फिरवली. एका तरुणानं लिहिलं, "मुलीला समजत नाही," आणि संध्याकाळी हा कागद पालकांना देऊ म्हणाला.

मावशींना ठमीची आई आठवली. हे वाचून ती माउली कोलमडेलच, दुसरं काय होणार! त्यांनी काच पुसायला घेतली, उजेडात तिरकी धरली आणि फडकं बाजूला ठेवलं.

"मी पुसणार नाही," मावशी म्हणाल्या. "आधी इकडे बघा. गाजरापासून सशाच्या तोंडापर्यंत किती रेघा आहेत त्या! पोरीनं दर वेळी बरोबर नेलंय. आणि हा कडेला अंगठ्याचा ठसा. एवढीशी पोर, घट्ट धरल्याशिवाय तिला हे पेलणार कसं? तुमचं यंत्रच त्या अंगठ्यापाशी अडून बसलंय."

चष्मेवालीनं टॅबलेट उचलला, काचेच्या कडेला अंगठा ठेवला आणि दुसऱ्या हातानं गाजर ओढून पाहिलं. जागचं हललं नाही. तिचा चेहरा खर्रकन उतरला. ऑफिसात आम्ही हे कायम टेबलावर ठेवूनच तपासतो, हे तिनं कबूल केलं. लिहिणाऱ्या तरुणानं कागद फाडला. मग टॅबलेट टेबलावर ठेवून ठमीला बोलावलं, तर तिनं सशाला एका दमात अकरा गाजरं चारली. तो तरी किती खाणार!

संध्याकाळी ठमीची आई आली. दारात तीन परकी माणसं बघून तिचे पायच थबकले. चष्मेवाली पुढे झाली आणि तिनं काही हातचं न राखता सगळं सांगितलं, फाडलेल्या कागदासकट. यापुढे कडेला टेकलेला अंगठा यंत्रानं मोजायचाच नाही, असं ठरल्याचंही सांगितलं.

आईनं एवढंच विचारलं, "म्हणजे तिला कळतं?"

"तिला कळतं, ताई. आम्हालाच कळलं नव्हतं."

आई तिथेच चपलांपाशी खाली बसली आणि कितीतरी महिन्यांनी मोकळेपणानं हसली. रडू आलं ते मावशींना.