सायमीची वेळ

मेर्वी झोपेत चालावं तशी चालायची. मार्च महिना, नदीवर अजून पांढराधोप बर्फ, आणि ही एकामागून एक जिने चढतेय. एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, गोळ्या द्यायच्या, मोजे चढवायचे, लापशी गरम करायची, की पुढचं दार. पुढचं दार कुठलं ते फोन सांगतो. इथं उत्तरेत, कायानी गावात, आम्ही सगळ्याच त्या फोनमागे धावतो. मेर्वी मात्र तरंगायची.

"तुझे पाय जमिनीला लागतात का गं?" मी विचारायची.

"लागले की दुखतात."

त्या सकाळी तिनं फोन न बघताच म्हाताऱ्या ओइवाची बेल वाजवली. दार विस्कटलेल्या केसांच्या एका विद्यार्थ्यानं उघडलं. मेर्वीनं बूट काढले, आत गेली, "ओइवा, बाहेर काय ऊन पडलंय बघ," म्हणत कॉफी ठेवली. ओइवा पानगळीतच वारला होता. पण पोरगं पडलं आमच्याच मातीतलं. घरात शिरलेल्या बाईला "कोण तुम्ही?" विचारायची त्याला लाज वाटली असणार. टेबलाशी बसला, मुकाट कॉफी प्यायला. तिनं गोळ्यांचं विचारलं तेव्हा कुठे हळूच म्हणाला, "मला नाहीत गोळ्या."

तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं. कपाट तेच, खिडकी तीच, खिडकीतली नदीही तीच.

दुसऱ्या दिवशी पोरानं आमच्या ऑफिसात फोन केला. तक्रार करायला नव्हे. म्हणाला, "त्या बाई बऱ्या आहेत ना? कॉफी छान होती."

पण आमचा साहेब यार्नो हादरला. मेर्वीला फिरतीवरून काढायचं, ऑफिसात बसून फोन घेऊ दे म्हणाला. ती ऐकून पांढरी पडली. केस पांढरे नव्हते, पिवळे होते, तेव्हापासून ती दारं उघडतेय; दारं काढून घेतली तर तिच्यात उरणार काय?

मी युनियनची प्रतिनिधी. शाळा अर्धवट, कायदा बसमध्ये बसून पाठ केलेला. थेट त्याच्या खोलीत घुसले.

"आधी कामगार-आरोग्याच्या दवाखान्यात जायचं, सगळ्यांनी समोरासमोर बसायचं, मग काय ते ठरवायचं!"

"ओरडतेस कशाला? मी कुठे नाही म्हणतोय?"

"म्हणायच्या आधीच ओरडून घेते. वेळ वाचतो."

बसलो. डॉक्टरबाईंनी मेर्वीला आधीच तपासलं होतं: डोकं ठणठणीत, झोप मात्र उडालेली. नर्स हेन्नानं सगळ्यांना कॉफी आणि वेलचीचा पाव दिला.

"थोडी सुट्टी दे तिला," यार्नो हेन्नाला म्हणाला, "थोडं ध्यानबिन शिकव."

"ध्यान? अरे, ती ध्यानातून बाहेर येत नाही हीच तर—"

"तू जरा गप्प," हेन्ना मला म्हणाली. मला! पण बसले गप्प.

मग तिनं मेर्वीला विचारलं, "ओइवा गेला हे तुला कुणी सांगितलं?"

मेर्वी खिडकीकडे वळली.

"कुणी नाही. सकाळी फोनमध्ये त्याचं नाव नव्हतं. खालचं नाव वर सरकलं होतं."

"मग तू काय केलंस?"

"वर सरकलेल्या नावाकडे गेले. सगळे असेच जातात. छपरावरनं बर्फ घसरतो ना, तसे. पण बर्फाचा आवाज तरी होतो. म्हणून मला वाटत राहतं, ते घरीच आहेत. माझंच जायचं राहून गेलंय."

यार्नोनं हातातला पाव खाली ठेवला.

"तिला फिरतीवर राहू दे," हेन्ना म्हणाली. "बदल कामात कर. कुणी गेलं तर फोन करून माणसानं सांगायचं. आणि आठवडाभर त्याच्या वेळेत दुसरं नाव घालायचं नाही. काही दिवस तिला कमी घरं दे. महिन्याभरानं परत बसू."

"रिकाम्या वेळेत ती करणार काय?" यार्नोनं विचारलं.

"काही नाही," मेर्वी म्हणाली.

"काही नाही असं फोनच्या त्या प्रोग्रॅममध्ये टाकता येत नाही!"

"मग कॉफी टाक," मी म्हणाले. गप्प बसायची माझी ताकद तेवढीच. यार्नो हसला, आणि हसला तिथेच अडकला; आता नाही म्हणायची सोय नव्हती.

एप्रिलात मेर्वीकडची एक म्हातारी, सायमी, गेली. यार्नोनं स्वतः फोन केला, मेर्वीला म्हणे शब्द चाचपडत सांगितलं. दुसऱ्या दिवशी सायमीच्या रिकाम्या वेळेत मी मुद्दाम मेर्वीबरोबर गेले. सायमीच्या इमारतीखाली बाकावर बसलो. नदी मधोमध काळी झाली होती, कडेचा बर्फ उन्हात धुरकट दिसत होता. वरती सायमीच्या खिडकीत तिचं लाल फुलाचं झाड होतं. मला काही राहवेना. यार्नोला आणखी काय काय सुनवायचं ते मी सांगू लागले.

"गप्प," मेर्वी म्हणाली. "आत्ता सायमी आहे."

आम्ही बसलो. तिच्या थर्मासमधली कॉफी निवाली. ती थोडं रडली, नाक पुसलं, मग उठली.

"चल, हिल्क्काचे मोजे चढवायचे राहिलेत."

शेजारच्या इमारतीत ती माझ्यापुढं जिना चढली. पायऱ्यांवर तिच्या बुटांचा आवाज होत होता. धप्, धप्, चांगला जड.