कडं कुणाभोवती?

डोलिना शाळेत पोरांना सूप वाढायची आणि सुटी मिळाली की डोंगर गाठायची. नवरा टॉर्क्विलही तसलाच. बोदाख आणि कॅल्याख, म्हणजे म्हातारा आणि म्हातारी, हे गावामागचे दोन जोडडोंगर त्या दोघांनी किती वेळा पायाखाली घातले असतील, देव जाणे.

एका सकाळी दोन डोंगरांमधल्या धारेवर असताना खालच्या ढगावर दोघांच्या सावल्या पडल्या, आणि डोक्याभोवती इंद्रधनुष्याचं कडं उमटलं. टॉर्क्विल म्हणाला, "माझ्याभोवती आहे." डोलिना म्हणाली, "खोटारड्या, माझ्याभोवती आहे." तो मरेपर्यंत हटला नाही. त्याला पुरून आल्यावरच्या चहालाही तिने 'आमचा लबाड' म्हणून हाच किस्सा सांगितला आणि माणसांना हसवलं. एकटी असली की मात्र तिला ते टोचायचं. इतक्या सुंदर गोष्टीतही या माणसाला थट्टा सुचावी?

आता गुडघे कुरकुरायला लागले होते. ही आपली शेवटची फेरी, हे ती ओळखून होती. ते कडं पुन्हा एकदा दिसावं, एवढंच तिला हवं होतं. सोबत धाकटी नणंद इशबेल होती, भावाची जन्माची वकील.

बोदाखच्या माथ्यावर नुसतं धुकं.

"वहिनी, फिरू या मागे. गुडघ्यांची तरी दया कर."

"गुडघे माझे आहेत. तू तुझं तोंड सांभाळ."

दोघी धारेवर उतरल्या आणि पाठीमागून ऊन आलं. सगळी दरी ढगाने काठोकाठ भरलेली, आणि त्यावर दोन अवाढव्य सावल्या. डोलिनाच्या सावलीच्या डोक्याभोवती तांबडं, पिवळं, हिरवं कडं. एकदा पाहिलेलं असूनही तिला भीती वाटली, आणि रडूही आलं. तिने नकळत टोपी काढली.

"बघ," ती हळूच म्हणाली. "माझ्याभोवती."

"काहीतरीच काय! माझ्याभोवती आहे. तुझ्या डोक्याभोवती काहीसुद्धा नाही."

इशबेलच्या आवाजात चेष्टा नव्हती. दोघींनी जागा बदलल्या. कडं डोलिनाबरोबर सरकलं.

"आलं बघ माझ्यामागे," इशबेल म्हणाली, आणि चमकून वहिनीकडे वळली.

जिचं तिला दिसत होतं. दुसरीचं दिसतच नव्हतं.

"म्हणजे तो खरं बोलत होता," डोलिना म्हणाली.

जन्मभर भावाची बाजू लढवणाऱ्या इशबेलने जिंकल्यावर मात्र नुसता वहिनीचा हात धरला. ढग विरेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.

मग डोलिनाने टोपी घातली. "चल. म्हातारी राहिलीय अजून."

"आणि गुडघे?"

"रडू देत. खाली जाऊन साऱ्या गावाला तो किस्सा नव्याने सांगायचाय."