मुंग्यांची वाट

उदगीर स्टेशनवर मुंग्यांची रांग फरशीवरून बाकड्यावर चढत होती. मी रुमालानं झटकायला गेलो, तर शेजारच्या माणसानं माझा हात धरला.

"राहू द्या सर, वाट मोडू नका."

मुंग्या चिरडतील म्हणून त्यानं लॅपटॉपची जड बॅगही मांडीवरच घेतली होती.

लातूरच्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर शिकवायचा. कॉलेजच्या नेटवर्कमध्ये चोरून शिरणारा ओळखायचा प्रोग्राम त्यानं मुंग्यांवरून बनवला होता.

"ज्या वाटेनं लई मुंग्या जातात, ती वाट पक्की होते. माझा प्रोग्राम बी तसाच. रोजची वर्दळ खरी धरायची, अन् आडवाटेनं आलेला पकडायचा."

"मग सापडलं का कुणी?"

"सापडलं की." तो बॅगेची चेन मागंपुढं करत राहिला. "संस्थाचालकाचा पुतण्या प्रोग्राम बसवायच्या आधीपासूनच दुसऱ्याच्या पासवर्डनं रोज आत शिरून पोरांचे मार्क बदलत होता. मला संशय आला, म्हणून एका रविवारी मी आत जाऊन बघितलं. प्रोग्रामनं मलाच पकडलं. सोमवारी संस्थेनं मला काढून टाकलं."

"म्हणजे प्रोग्राम चुकला!" मी चिडलोच.

"न्हाई हो. शिकवलं तेच शिकला. रोज येणारा चोर त्याला घरचा वाटला."

गाडी आली. तो उठला. रांग ओलांडायला त्यानं पाय उचलला, क्षणभर तसाच धरला, आणि मग मुद्दाम रांगेवरच ठेवला.